हंसाबाईच्या घरातला कापूस

हंसाबाई कापूस वेचायची तेव्हा तिचे दोन हात दोन वेगळ्या बोंडांवर असायचे. इतर बाया एका हातानं फांदी धरतात आणि दुसऱ्यानं वेचतात. त्यात एक हात फुकट जातो. हंसाबाई फांदी धरत नसे. पाचही बोटं बोंडात शिरायची, कापूस बुडापासून सुटून यायचा आणि सुकलेलं टरफल झाडावरच राहायचं. कमरेला बांधलेल्या ओटीत काडी नाही, वाळलेलं पान नाही. मी आर्णीच्या एका जिनिंगमध्ये हमाल होतो. उभी हयात कापूस उचलला, ओतला, तुडवला. गाठोड्यात हात घातला की ते बांधणाऱ्याचा आळस हाताला लागतो. हंसाबाईच्या गाठोड्यात तो कधी लागला नाही.

ती चांगली बाई होती असं मी लिहिणार नाही. कामाची बाई होती.

तिचा तांडा आमच्या गावाच्या नाल्यापलीकडे. बंजाऱ्यांची घरं, काही घरकुलाची पक्की, काही कुडाची. नवरा डोंगरसिंग वणीला कोळशाच्या ट्रकांवर गेला आणि तिकडचाच झाला. मुलगा बबलू आर्णीला मोटरसायकली दुरुस्त करतो, आठवड्यातून एकदा येतो. घरात ती आणि सून पुष्पा. तांड्यातल्या बायांची वेचणीची टोळी हंसाबाईनं बांधली होती. कोणाच्या वावरात जायचं, किती बाया न्यायच्या, कोणती बाई कोणत्या तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लावायची, सगळं तिच्या तोंडून. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. पण लाडानं कोणी म्हणत नसे. दिवस उगवायच्या आत ती तांड्याच्या मधोमध उभी राहून एक हाक मारायची. जी बाई दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसली, ती त्या दिवशी घरीच बसली.

टोळी होती म्हणून तांड्याच्या नाईकाच्या ओट्यावर तिला बसायला जागा होती. टोळी होती म्हणून गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, घनश्यामच्या, अंगणात तिला चहा मिळायचा, खुर्ची नाही मिळाली तरी. टोळी गेली तर आपण कोणीच नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

टोळीचा एक नियम होता. हाताला जखम असली की वेचायचं नाही. कापसावर रक्ताचा किंवा पुवाचा ठिपका पडतो. शेतकरी तो एक ठिपका बोटानं दाखवतो आणि अख्ख्या गाठोड्याला नाव ठेवतो. म्हणून ठिपका दिसला की तो कापूस कवडीत. कवडी म्हणजे किडका, पिवळा, गाठींचा कापूस. त्याचा ढीग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, वेगळा असतो आणि तो कोणी हौसेनं पाहत नाही.

नोकरी संपल्यावर मी गावी आलो. वेचणीच्या दिवसांत घनश्यामच्या धुऱ्यावर काटा घेऊन बसायचो आणि गाठोडी तोलायचो. तिथं बसून मी हा नियम लागू होताना पाहिला. तानाबाई नावाची एक बाई होती, हातानं जरा सावकाश, पण स्वच्छ वेचायची. एका दुपारी हंसाबाई तिच्या तासात जाऊन उभी राहिली.

"ताने, हात दाखव."

"काई नाई याडी, काटा रुतला."

"दाखव मनलं न."

तानाबाईचा अंगठा सुजून जांभळा झाला होता. तिनं त्यावर चिंधी बांधली होती आणि चिंधी ओली होती.

"घरी जाय."

"उद्यापर्यंत बरं होते, याडी."

"उद्या ये नको. बरं होईन तवा बी ये नको. तुह्या तासाले दुसरी लावली म्या."

"एवढ्याशा डागापायी?"

"डाग एवढासाच असते वं. मोठा असता त लपवला नसता तू."

बाकीच्या बाया खाली मान घालून वेचत राहिल्या. पुष्पा त्यांच्यातच होती. तानाबाईनं ओटी सोडली, कापूस माझ्या काट्याजवळ ओतला आणि गेली. पुढं ती बकऱ्या चारू लागली. धुऱ्यावरून जाताना मी एकदा सहज विचारलं, कसं चाललंय. म्हणाली, "बेस हाये नानाजी. बकऱ्या हात पाह्यत नाई."

मला त्या वेळी हंसाबाईचं काही चुकलं असं वाटलं नाही. आजही वाटत नाही. काम असंच राखावं लागतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात थंडी पडलीच नाही. तशी अलीकडं ती पडत नाही. पूर्वी दिवाळीनंतर सकाळी काटा धरताना माझी बोटं लोखंडाला चिकटायची. आता शाल नुसती खांद्यावर असते. गुलाबी बोंडअळी आम्ही जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं पाहिलेली. सरकीच्या पोटात बसलेली, तांदळाच्या शिताहून थोडी मोठी. पण ती शेवटच्या वेचणीला यायची आणि थंडीत सरकीतच गुपचूप पडून राहायची. आता ती पहिल्या फुलात शिरते. फूल उमलतच नाही, पाकळ्या आतून शिवल्यासारख्या बंद राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. त्या वर्षी डोमकळ्या झाल्या, मग दिवाळीत पाऊस पडला, मग उकाडा धरला आणि अळीनं एकामागून एक पिढी काढली.

अशी बोंडं अर्धी उघडतात आणि तशीच दगड होतात. त्यात बोट शिरत नाही. नखानं खरवडावं लागतं. टरफलाचं टोक नखाखाली घुसतं. मेहनत दुप्पट आणि वजन निम्मं, आणि मजुरी तर किलोवर.

"याडी, हे वेचाचं का खोदाचं?" पुष्पानं तासातून विचारलं.

"खोद. खोदून झालं का कवडी वायली, येगळी ठेव."

"सगळी कवडीच हाये. कापूस वायला ठेवतो."

बाया हसल्या. हंसाबाईही हसली. त्या मोसमात ती हसताना मी पाहिलेली तेवढीच.

तरी तिच्या टोळीनं घनश्यामचं पूर्ण वावर वेचून दिलं. नाल्याला लागून त्याचं काळं रान आहे, तांड्याच्या अगदी तोंडाशी. कापूस त्यानं विकला नाही. भाव येईल म्हणून घरातल्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. दरवर्षी ठेवायचा. त्या वर्षी उन्हं लागली तशी घरातली माणसं खाजवू लागली. आधी त्याची बायको बेबीताई, मग नात, मग तो स्वतः. मानेवर, पोटावर, दंडावर लाल पुरळ.

एक दिवस त्यानं हंसाबाईला बोलावणं पाठवलं. मीही तिथं होतो, काट्याचा हिशेब द्यायला गेलो होतो. बेबीताईनं चहा आणला. कपबशी खाली ठेवताना तिनं दंड खाजवला.

"काय झालं ताई?" हंसाबाईनं विचारलं.

"उन्हानं झालं वं."

"तुमचं अंग लोण्याचं."

"तुह्यं कायचं हाये मंग?"

"माह्यं टरफलाचं," हंसाबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

घनश्याम मुद्द्यावर आला. "हंसाबाई, तुह्या घरकुलाची खोली पक्की हाये. दाराले कुलूप लागते. कापूस तुह्याकडं टाकतो. घरात पाव्हणे येऊन राह्यले, जागा नाई."

"किती दिवस?"

"भाव आला का उचलतो. वावरातल्या कोठ्यात टाकला त चोर नेईन. तू निजत जाय त्याच्यावर, मंग मले घोर नाई."

हंसाबाईनं बशी खाली ठेवली. त्याला वाटलं ती नाही म्हणते.

"पुढच्या साली माह्या सगळ्या वावराची वेचणी तुह्या टोळीले. नाल्याकडलं बी आन् रोडकडलं बी. दुसरी टोळी आनत नाई मी."

मग ती हो म्हणाली. बेबीताई दाराआड उभी होती. ती सांगू शकली असती. तिनं पदर मानेवर ओढला आणि आत गेली.

हंसाबाईला काहीच कळलं नव्हतं असंही नाही. परतताना नाल्यात ती मला म्हणाली, "त्याइले कापूस चावून राह्यला, नानाजी. दिसते न मले."

"मग घेतेस कशाला?"

"मले चावन का? चालता आलं तवापासून कापसातच हाये मी."

हीच तिची चूक. वेचणारी बाईच अशी चूक करू शकते. शेतकरी कापसाला भितो, व्यापारी भितो, जिनिंगचा हमाल तर सगळ्यात जास्त भितो, कारण त्यानं आग पाहिलेली असते. वेचणारीला कापूस ही भिण्याची वस्तूच वाटत नाही.

ट्रॅक्टरनं कापूस आला. तो रचायला मी गेलो. कापूस नुसता टाकला तर खोली लगेच भरते. तो थरांनी पसरून कडेनं तुडवत मधे यावं लागतं, टाच आधी आणि पंजा नंतर. तांड्यातली पोरं वर उड्या मारायला आली, त्यांना हंसाबाईनं हाकललं. खिडकी झाकली गेली. छताखाली माणसाला आडवं होता येईल एवढी जागा उरली. तिनं तिथं गोधडी टाकली. पुष्पाची गोधडीही तिनंच वर फेकली.

काही दिवसांतच पुष्पा अंगणात झोपू लागली. मांड्यांवर, पोटावर लाल गांधी उठल्या होत्या. "याडी, खाली ये. मरशीन वर," ती म्हणाली.

"राखन कोन करन? तुहा बाप?"

हंसाबाई वरच राहिली. पत्र्याखालचा उकाडा, खाली कापसाची ऊब. तिच्या अंगावर आधी ठिपके आले, मग गांधी, मग खाजवून फुटलेले ओरखडे. ती दिवसा पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची आणि पदर लपेटून घ्यायची. हरभरा काढायचं काम चालू होतं. टोळी जायची, तीही जायची. पण काम करता करता तिचा हात थांबायचा आणि कोपरापाशी जायचा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातातलं काम अर्धवट थांबताना मी पाहिलं. बायांनीही पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्या जरा लांब बसू लागल्या. कोणी म्हणालं अंगावर देवी आली. कोणी म्हणालं लागट रोग आहे. तिच्या गडव्यातलं पाणी कोणी पिईना. ती तुटकपणे म्हणायची, "उन्हानं झालं." बेबीताईचेच शब्द.

त्या सुमारास गावात सुरभी मॅडम आली. कृषी सहायक, स्कूटीवर फिरते. पऱ्हाट्या, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, शेतात उभ्या ठेवू नका, घराजवळ त्यांचे ढीग लावू नका, वेळेआधी पेरू नका, असं सांगत गावोगाव हिंडत होती. तिचं खरं होतं आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. पऱ्हाटी जाळली तर चूल कशावर पेटवायची, हे तिला प्रत्येक अंगणात ऐकवलं जायचं. तांड्यात ती आली तेव्हा पुष्पानं तिला घरी आणलं. तिनं दारातून आत पाहिलं, हंसाबाईचा हात पाहिला, खालून एक मूठ कापूस घेतला आणि सरकी नखानं फोडली. आत अळी होती. दुसऱ्या सरकीतही होती.

"हे उन्हानं नाही, मावशी," ती म्हणाली. "सरकीत अळी आहे. अळीवर एक बारीक किडा जगतो, कोळ्याच्या जातीचा, डोळ्याला दिसत नाही. बंद खोलीत उकाड्यानं तो वाढतो. अळी पुरली नाही की माणसाला चावतो. कापूस घरातून काढा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात घाला, दवाखान्यात जा. आपोआप बरं होईल. कापूस राहिला तर बरं होणार नाही."

"दवाखान्यात औषध नाई का मंग?" हंसाबाईनं विचारलं.

"आहे. पण रोज त्यावरच झोपाल तर औषध काय करणार? आणि पेरणीपर्यंत यातून पतंग निघतील. ते आधी जवळच्या वावरात जातील."

जवळची वावरं म्हणजे तांड्याचे खडकाळ तुकडे आणि घनश्यामचं नाल्याकडचं रान.

त्याच संध्याकाळी हंसाबाई घनश्यामकडे गेली. मला सोबत नेलं, बोलायला नाही, साक्षीला. तिनं बाही वर केली. घनश्यामनं पाहिलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

"मॅडम सांगून गेली, कापूस काढा लागते," ती म्हणाली.

"भाव येऊ दे. थोडं थांब."

"अंग जाऊन राह्यलं माह्यं, घनश्यामभाऊ."

"मंग टाक बाहेर. वाऱ्यानं जाऊ दे, पावसानं भिजू दे. मी काय मनतो? पन मंग वेचणीचं माह्याकून धरू नको. उमरखेडकडल्या बाया कमी भावात याले तयार हायेत. ढाणकीहून फोन होता मले."

तो ओरडला नाही. चहा विचारला नाही एवढंच. बेबीताईच्या मानेवरचा पुरळ गेला होता. नात अंगणात खेळत होती.

परतताना हंसाबाई नाल्यात थांबली आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून उभी राहिली. मी म्हणालो, कापूस टाकून दे. दुसरं वावर पाहू. ती म्हणाली, "टोळी रिकामी ठेवली त टोळी राह्यत नाई, नानाजी. एक मोसम घरी बसल्या का बाया आपापल्या वाटंनं जाते." ते बरोबर होतं.

ती पुन्हा वर झोपू लागली. प्लास्टिकचा कागद अंथरून पाहिला. घामानं आणखी चिघळलं. मग तिनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. किडा आहे तर किड्याचं औषध. मागच्या मोसमातली फवारणीची भुकटी बबलूनं कोनाड्यात ठेवली होती. ती तिनं खोबरेल तेलात कालवली आणि दोन्ही दंडांना, पोटऱ्यांना, पोटाला चोळली. मनगटापर्यंत हात त्यात बुडवून चांगली जोर लावून चोळली. अर्धवट काम तिला जमायचंच नाही.

दुपारी पुष्पा घरी आली तेव्हा ती उंबऱ्यात बसून ओकत होती आणि तळहात वर करून धरले होते. पुष्पा आणि मी हंसाबाईला ऑटोतून आर्णीला घेऊन गेलो. तिथून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जीव वाचला. दंडांवरची, पोटावरची आग उतरली. तळहातांची आणि बोटांची कातडी मात्र हातमोजा काढावा तशी निघाली. खाली नवी आली ती पातळ, गुलाबी, चकचकीत. मूठ वळली की ती सांध्यांवर फाटायची.

ती दवाखान्यात होती तेवढे दिवस कापसाची राखण पुष्पानं केली. अंगणातून, दाराला खाट लावून. आत गेली नाही. हंसाबाई परत आली तेव्हा पुष्पानं तिला जेवण वाढलं आणि सांगितलं, "टोळी घेऊन गेलती मी. हळदीच्या शिजवणीले. तू नव्हती त कोनीतरी न्याले पायजे." हंसाबाईनं मान हलवली. हातानं घास घेता येत नव्हता, पुष्पानं चमचा दिला.

मृग लागायच्या तोंडावर घनश्यामनं गाडी पाठवली. भाव काही फार आला नव्हता. पावसाच्या भीतीनं त्यानं विकला. गाडीबरोबर तो स्वतः आला. खोली उघडली तेव्हा भिंतीवर, पत्र्याच्या खालच्या बाजूला, दाराच्या चौकटीत राखाडी पतंग बसले होते, गव्हाच्या दाण्याएवढे. दार उघडताच त्यातले पुष्कळ उडून गेले. भरणाऱ्या पोरांनी तोंडाला फडकी बांधली होती. हंसाबाई सवयीनं पुढं झाली आणि टोपलं धरायला वाकली.

"हात नको लावू," घनश्याम म्हणाला. "गिऱ्हाईक पाह्यन. कापसाले काई लागलं मनन."

ती बाजूला झाली. कापूस तिच्या खोलीतून निघून गेला, जमिनीवर सरकी आणि मेलेले पतंग उरले. तिनं झाडू मागितला. पुष्पा म्हणाली, "राहू दे, मी झाडतो."

पाऊस लागला, पेरण्या झाल्या. पहिली फुलं आली तशी तांड्याच्या तुकड्यांत डोमकळ्या दिसल्या, आणि त्याच आठवड्यात घनश्यामच्या नाल्याकडच्या रानात. रोडकडचं वावर स्वच्छ होतं. सुरभी मॅडमनं सापळे लावायला सांगितले, डोमकळ्या तोडून जाळायला सांगितल्या. घनश्यामनं या वेळी सगळं ऐकलं. दोनदा फवारलं, मजूर लावून कळ्या तोडल्या. थोडं वाचलं, बरंच गेलं. एक दिवस तो धुऱ्यावर उभा राहून तांड्याकडे पाहत मोठ्यानं म्हणाला, "अळी तांड्यातून आली."

हंसाबाई नाल्याच्या अंगाला गोवऱ्या गोळा करत होती. तिनं ऐकलं. "तुमचीच होती, घनश्यामभाऊ," ती म्हणाली. "निजाले पाठवली होती माह्या घरी. उठून घरला आली."

घनश्याम धुऱ्यावरून उतरून वावरात शिरला. बाजूच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. एवढं एक तिला त्या वर्षात मिळालं.

पण त्यानं शब्द पाळला. वेचणी आली तेव्हा दोन्ही वावरं तांड्याच्या टोळीलाच दिली. फक्त निरोप पुष्पाला पाठवला. हंसाबाई त्याच्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "टोळीले देतो मनलो होतो. देली न? टोळीत कोन राह्यते ते मी कायले पाहू?"

पहिल्या वेचणीच्या सकाळी तांड्यात हाक पुष्पानं मारली. एकच. मी काटा घेऊन धुऱ्यावर बसलो होतो. बाया आल्या. शेवटी हंसाबाई आली, ओटी बांधलेली, पदर खोचलेला. टोळीत एक जागा रिकामी होती, ती भरायला पुष्पानं तानाबाईला परत बोलावलं होतं. तानाबाईचा अंगठा कधीचाच बरा झाला होता, जरा वाकडा राहिला होता एवढंच.

पुष्पा सासूसमोर उभी राहिली. "याडी, हात दाखव."

हंसाबाईनं हात पुढं केले. बोटांच्या सांध्यांवर चिरा होत्या. कोरड्या होत्या.

"ओले नाईत," हंसाबाई म्हणाली.

"बोंड धरलं का होते ओले. तुले ठाव हाये."

"एक तास दे. धुऱ्याजवळचा. डाग आला त मीच नाई येत उद्या."

पुष्पानं माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. सासू होती म्हणून तिनं तास दिला. दुसऱ्या कोणाला दिला नसता, आणि द्यायलाही नको होता.

बोंडं त्या वर्षीही दगडासारखी होती, नाल्याकडं तर जास्तच. हंसाबाई वाकली. दोन हात दोन बोंडांवर गेले, पूर्वीसारखेच. मी इतर गाठोडी तोलत होतो पण लक्ष तिच्या तासावर होतं. ती सावकाश झाली नव्हती. फांदी तिनं आजही धरली नाही. अर्धी ओळ होईपर्यंत ती तानाबाईच्या पुढं होती. मग एकदा तिनं हात झटकला. पुन्हा झटकला. मग ती बोटं पदराला पुसून वेचू लागली. प्रत्येक बोंडानंतर पदराला पुसायचं आणि पुढं. अशानं तास पुढं जात नाही. तानाबाई तिला ओलांडून गेली.

तास संपवून ती काट्यापाशी आली आणि ओटी सोडली. कापूस तिचा होता हे कोणीही सांगितलं असतं. काडी नाही, पान नाही, टरफलाचा कण नाही. मी गाठोडं काट्याला अडकवायला घेतलं.

"थांबा," ती म्हणाली.

ती उकिडवी बसली आणि कापूस मनगटांनी उलटा करू लागली. मला काही दिसत नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा उलटला तेव्हा दिसलं. आतल्या बाजूला लाल ठिपके, मोहरीएवढे. एक, मग त्याच्याखाली आणखी. बाया आपापल्या तासात होत्या. पुष्पा पाठ करून उभी होती. मी काही बोललो नसतो. तो कापूस तोलला असता, बाकीच्यात मिसळला असता आणि घनश्यामला दिसला नसता.

हंसाबाईनं सगळा कापूस कवेत घेतला, उठली, धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि कवडीच्या ढिगावर टाकला. ठिपकेवाला निवडून नाही. सगळा.

परत येताना तानाबाई तासाच्या टोकाला उभी होती, कमरेवर हात ठेवून. "याडी," ती म्हणाली, "माह्या बकऱ्या घरी बांधून हायेत. सोडून घेऊन जाय. त्या हात पाह्यत नाई."

बाया हसल्या. पुष्पाही हसली, तोंड फिरवून.

हंसाबाईनं कमरेची ओटी सोडली. ते फडकं तिनं चार पदरी घडी करून माझ्या काट्याशेजारी ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला लागलं तर. मग नाल्याच्या दिशेनं गेली. थोड्या वेळानं पलीकडून बकऱ्या ओरडल्या.

पुष्पानं फडकं उचललं, झटकलं आणि आपल्या ओटीवर दुसरं म्हणून बांधलं. मग ती सासूनं संपवलेल्या तासात शिरली आणि तिनं वाकून मागे राहिलेली बोंडं तपासली. मागे एकही राहिलेलं नव्हतं.